क्रेडिट कार्डाची फसवणूक: मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये कार्डाबद्दल लोक जे विचारतात ते इथे त्यांच्याच शब्दांत घेतलंय. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी पैसे गेल्यावर काय करायचं ते, आणि मग ते जाऊ नयेत म्हणून काय. कारण अशी माहिती बहुतेक जण हात पोळल्यावरच शोधायला लागतात.

आत्ताच मेसेज आला. कार्डावरून चाळीस हजार गेले, मी तर काहीच घेतलेलं नाही. पहिलं काय करू?

कार्ड बंद करा. नवऱ्याला विचारण्याआधी, मुलाला फोन लावण्याआधी. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या पानावर लॉक किंवा ब्लॉक असं बटण असतं. लॉक तात्पुरतं असतं, नंतर उघडता येतं, त्यामुळे घाईत उगाच केलं असं वाटलं तरी नुकसान काहीच नाही. ॲप नसेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगा: कार्ड ब्लॉक करा, आणि हा व्यवहार माझा नाही अशी तक्रार नोंदवा. नुसतं ‘ब्लॉक करा’ म्हटलं तर समोरचा कार्ड बंद करून मोकळा होतो, तक्रार राहून जाते. पुढची सगळी ओढाताण तक्रार कधी नोंदवली यावरच होते, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. भामट्यांनी ग्राहक सेवेचे खोटे नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो. कार्डाच्या मागचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा आणि घरी फ्रिजवर चिकटवून ठेवा. दादर स्टेशनवर पाकीट मारलं गेलं तर कार्डाबरोबर तो नंबरही जातो, हे आपल्याला पाकीट गेल्यावर सुचतं.

त्यानंतर लगेच १९३०. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. चोरलेले पैसे एका जागी थांबत नाहीत. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. १९३० वर तक्रार पडली की बँका आणि वॉलेट कंपन्यांना कळवलं जातं आणि पैसे जिथे पोचले असतील तिथे गोठवायचा प्रयत्न होतो. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत चोर बरेचदा गिफ्ट व्हाउचर घेतो, वॉलेट भरतो किंवा महागडा मोबाइल मागवतो. ऑर्डर निघायच्या आत दुकानदाराला कळलं तर ती अडवता येते. तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन केलेला फोन यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

१९३० लागतच नाही. सारखा व्यस्त येतो.

होतं असं. लावत राहा, पण दुसऱ्या हाताने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि ज्या नंबरवरून फोन किंवा मेसेज आला तो, एवढं हाताशी ठेवा. मेसेज लाजेने डिलीट करू नका. कितीतरी जण घरच्यांना कळू नये म्हणून आधी पुरावाच पुसून टाकतात.

पोलीस ठाण्यात जावं लागेल का? आणि कुठल्या?

रक्कम मोठी असेल तर जा. मुंबईत प्रादेशिक विभागांनुसार पाच सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तक्रार तिथेच द्यायला हवी असं नाही. घराजवळच्या ठाण्यातही देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे झिरो एफआयआरचं नाव काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते.

जाताना तोंडी कहाणी घेऊन जाऊ नका. एका कागदावर घटनाक्रम लिहा: किती वाजता फोन आला, तो काय म्हणाला, तुम्ही काय केलं, पैसे किती वाजता गेले, बँकेला किती वाजता कळवलं. सोबत स्टेटमेंटची प्रत, मेसेजचे स्क्रीनशॉट छापून, १९३० किंवा पोर्टलचा पोच क्रमांक आणि ओळखपत्राची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून घ्या. ड्युटीवरच्या हवालदारासमोर रात्री अकरा वाजता आठवत बसण्यापेक्षा लिहिलेला कागद पुढे केलेला बरा. काम पटकन होतं.

पैसे परत मिळतात का हो खरंच?

मिळतात, पण कुणाचे मिळतात ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवून दिलं. ढोबळपणे तीन प्रकार आहेत.

चूक किंवा ढिलाई बँकेची असेल, तर तुमचं नुकसान शून्य. तुम्ही कळवलंत की नाही, हासुद्धा प्रश्न येत नाही.

चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून माहिती फुटली, तर दिवस मोजले जातात. बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या लिमिटच्या कार्डावर जास्तीत जास्त २५,००० रुपये तुमच्या अंगावर येऊ शकतात. गेलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटले की त्या बँकेचं धोरण जे म्हणेल ते.

मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. समजा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री मेसेज आला. शुक्रवार सोडला, दुसऱ्या शनिवारी बँका बंद, रविवार सुट्टी. म्हणजे सोमवार पहिला आणि बुधवार तिसरा. मध्ये सुट्टी आली तर आणखी एक दिवस. हे गणित नंतर बँकेशी वाद घालायला उपयोगी पडतं. त्याच्या भरवशावर बुधवारपर्यंत थांबू मात्र नका.

तिसरा प्रकार, तुम्हीच ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कुणाला दिला. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तुमच्या खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ‘जमा झाले, सुटलो’ असं दहाव्या दिवशीच समजू नका. चौकशीत तुमची चूक निघाली तर ते परत वळते होतात.

ओटीपी मीच सांगितला. आता तोंड बंद करून बसायचं का?

अजिबात नाही. नियम असा की तुमच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चोर बहुतेक वेळा एकदाच डल्ला मारून थांबत नाही. पहिले वीस हजार गेल्यावर लगेच कळवलंत तर पुढचे साठ हजार वाचतात.

शिवाय ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलंय. ‘ओटीपी टाकला गेला म्हणजे तुम्हीच दिला’ एवढं म्हणून विषय संपत नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून परस्पर गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये बँकेने परत द्यावेत असा आदेश दिला, तो याच शून्य जबाबदारीच्या नियमाच्या आधारावर. ते प्रकरण कार्डाचं नव्हतं, पण परिपत्रक तेच.

बँकेला खोटं मात्र सांगू नका. ‘मला फोन आलाच नव्हता’ म्हणालात आणि कॉल रेकॉर्डमध्ये अकरा मिनिटांचा फोन निघाला, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मी ओटीपी कुणालाही दिला नाही. देवाशपथ. तरी गेले कसे?

शपथेची गरज नाही, हे अगदी शक्य आहे. रस्ते बरेच आहेत.

सगळ्यात साधा रस्ता परदेशी वेबसाइटचा. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी पायरी लागते, पण परदेशातल्या अनेक दुकानांत नुसता कार्ड नंबर, मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही (बहुधा कार्डाच्या मागचे तीन आकडे) टाकला की व्यवहार होतो. पहाटे तीनला डॉलरमध्ये आलेला मेसेज बहुधा याच जातीचा. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर हा रस्ताच बंद.

दुसरा रस्ता एपीके फाइलचा, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणाऱ्या फाइलचा, आणि सध्या मुंबईत याचाच सुळसुळाट आहे. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव काहीही असतं: वाहतुकीचं ई-चलान, गॅसचं थकलेलं बिल, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी. ती उघडली की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप घालायचं का? आपण ‘हो’ म्हणतो. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण तीही देतो. तिथून पुढे येणारा प्रत्येक ओटीपी चोराच्या फोनवरही पोचतो. तुम्ही कुणालाच काही सांगितलेलं नसतं, फोनने सांगितलेलं असतं. पत्रिका ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून फाइल सुरक्षित ठरत नाही, त्याचा व्हॉट्सॲपच चोराच्या ताब्यात असू शकतो. पत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून. नावाच्या शेवटी एपीके असलेली पत्रिका कुठल्याच मुहूर्ताची नसते.

अशी फाइल उघडली गेली असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड बंद करा, आणि मग फोनमधला महत्त्वाचा डेटा काढून तो फॅक्टरी रीसेट करून घ्या. नुसतं ॲप डिलीट करून भागेल याची खात्री धरू नका.

तिसरा, कॉल फॉरवर्डिंग. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी सांगतो, ‘डिलिव्हरी बॉय रस्ता चुकलाय, *२१* लावून हा नंबर डायल करा.’ केलंत की तुमचे फोन त्याच्याकडे वळतात आणि ओटीपी सांगणारा बँकेचा स्वयंचलित कॉलही त्यालाच ऐकू येतो. शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघतं.

चौथा, सिम बदलून घेणं. फोनचं नेटवर्क अचानक पूर्ण गेलं, घरातल्या बाकीच्यांचं त्याच कंपनीचं चालू आहे आणि तासाभरात परत आलं नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवीन सिम निघालंय का. बोगद्यात किंवा भुयारी मेट्रोत रेंज गेली तर घाबरायचं कारण नाही, घरी हॉलमध्ये बसल्या बसल्या गेली तर कान टवकारा.

आणि पाचवा रस्ता, जो सांगायला अवघड जातो: घरातलाच. नातवाने गेममध्ये हिरे विकत घेतले, फुकट म्हणून महिन्याभरासाठी घेतलेलं सबस्क्रिप्शन आपोआप सुरू झालं, मुलीच्या फोनवर टॅक्सीच्या ॲपमध्ये तुमचं कार्ड जोडलेलं राहिलं. पोलिसांत जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर एकदा विचारून घ्या. कार्ड मात्र त्याआधीच लॉक केलेलं असू द्या.

बँकेतूनच फोन आलाय हे ओळखायचं कसं? त्याला माझं नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडेही माहीत होते.

नाव, जन्मतारीख, शेवटचे चार आकडे ही माहिती बाजारात विकली जाते. त्यावरून माणूस बँकेचा ठरत नाही. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून ‘मी क्रेडिट कार्ड विभागातून बोलतोय’ असं आलं की तिथेच शंका घ्या.

पण नंबरापेक्षा बोलणं ऐका. ते साधारण असं चालतं: ‘सर, आपले नऊ हजार आठशे पॉइंट्स आज रात्री बारा वाजता एक्स्पायर होतायत. मी ते कॅशमध्ये कन्व्हर्ट करून देतो, एक कोड येईल तेवढा कन्फर्म करा.’ किंवा ‘मॅडम, आपल्या कार्डावर विमा चालू झालाय, महिना दोन हजार कापले जातील, कॅन्सल करायचाय ना?’ किंवा ‘लिमिट वाढवून देतोय.’ कशात लालूच आहे, कशात भीती, पण सगळ्यांत घाई आहेच. मागून ऑफिसचा गलका ऐकू येतो, मराठी छान असतं, ‘काका’ म्हणतात. फोन ठेवू देत नाहीत, कारण तुम्ही फोन ठेवून एकदा विचार केलात की त्यांचा धंदा बसला.

आता त्या ‘कोड’कडे बघा. ओटीपीचा मेसेज आपण पूर्ण वाचतच नाही, आकड्यावर नजर टाकून सांगून मोकळे होतो. त्याच मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असतं. पॉइंट जमा करायचे म्हणतोय आणि मेसेजमध्ये ४८,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी ओटीपी असं लिहिलंय! मेसेज शेवटपर्यंत वाचायची सवय लागली तर अर्ध्या फसवणुकी तिथेच गळून पडतील असं माझं मत आहे.

फोन खरा असण्याची थोडी जरी शक्यता वाटली, तरी ‘मी पाच मिनिटांनी बँकेला फोन करतो’ म्हणून ठेवून द्या आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावा. खऱ्या कर्मचाऱ्याला याचा राग येत नाही.

लिंक आली तर?

दाबू नका, एवढंच उत्तर पुरे होतं, पण लोक दाबतात कारण मेसेज फार बेमालूम असतो. ‘आपलं पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे अडकलंय, २५ रुपये भरा.’ पंचवीस रुपयांसाठी कुणी डोकं लावत नाही. चोराला ते पंचवीस नकोच असतात, तुम्ही पानावर भरलेला कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही हवा असतो. एका थाळीवर दोन थाळ्या मोफत, भक्तनिवासाची खोली अर्ध्या दरात, बंद होणाऱ्या दुकानातल्या पैठण्या, सगळी तीच जात.

ओळखायला दोन खुणा आहेत. भारतीय बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याच्या मध्ये कुठेतरी बँक हा शब्द दिसला म्हणून फसू नका, शेवट बघा. दुसरी खूण, बँकेचे मेसेज मोबाइल नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नावाने येतात आणि त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. ‘आपलं कार्ड बंद होत आहे’ असा मेसेज दहा आकडी नंबरवरून आला की तो बँकेचा नाही.

असे फोन आणि मेसेज सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये कळवता येतात. पैसे गेले नसतील तरीही कळवा.

लोकलच्या गर्दीत खिशाला मशीन लावून टॅप करून पैसे काढतात म्हणे. खरंय का?

व्हॉट्सॲपवर हे दर पावसाळ्यात नव्याने उगवतं. तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण व्यवहारात चोराला परवडत नाही. कार्ड मशीनच्या चार-पाच सेंटिमीटर जवळ यावं लागतं, पाकिटात दोन कार्डं एकावर एक असली की मशीन गोंधळतं, आणि मुख्य म्हणजे मशीन कुणाच्या तरी नावावर, बँक खातं आणि केवायसी देऊन घेतलेलं असतं. पैसे त्याच खात्यात जाणार. स्वतःचा पत्ता मागे ठेवून चोरी कोण करेल? २०२२ मध्ये सिग्नलला काच पुसणारा मुलगा घड्याळाने फास्टॅग स्कॅन करतो असा व्हिडिओ घरोघरी फिरला होता, तोही खोटा निघाला.

खरा धोका जुनाच आहे: पाकीटमार. विरारच्या गाडीत पाकीट गेलं आणि तुम्हाला बोरिवलीला कळलं, तर मधल्या वेळात चोर टॅप करून खरेदी करू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. ॲपमध्ये जाऊन ही मर्यादा हजारावर आणा किंवा टॅप बंदच करून टाका.

हॉटेलात, पेट्रोल पंपावर कार्ड वेटरच्या हातात द्यावं का?

नको. मशीन टेबलाशी मागवा, पंपावर गाडीतून उतरा. आता कार्डांवर चिप असल्यामुळे नुसती काळी पट्टी वाचून हुबेहूब कार्ड बनवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, पण दोन्ही बाजूंचा फोटो काढायला पाच सेकंद पुरतात. सीव्हीव्ही पाठ करा आणि त्यावर छोटा स्टिकर लावा. पिन दाबताना दुसरा हात वर धरा, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

कार्डाची कुठली बटणं चालू ठेवू, कुठली बंद?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावी लागते: देशात आणि परदेशात, दुकानात, एटीएमवर, ऑनलाइन, टॅप, प्रत्येकाला वेगळं बटण आणि वेगळी मर्यादा. नवीन कार्ड मुळात फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं, बाकीचं आपण चालू करतो. आणि एकदा चालू केलं की विसरतो.

माझा सल्ला असा. परदेशी व्यवहार बंद. दुबईला निघालात तर विमानतळावर चालू करा, परत आल्यावर टॅक्सीत बसून बंद करा. क्रेडिट कार्डावरून एटीएममधून रोख काढणं बंद, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि चोराची सोय होते ती वेगळी. ऑनलाइन चालू, पण मर्यादा महिन्याच्या खरेदीच्या जरा वर. तीन लाखांचं लिमिट आहे म्हणून तीन लाख उघडे टाकायची काही गरज नाही. फ्रिज घ्यायच्या दिवशी मर्यादा वाढवा, घेतल्यावर खाली आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

मेसेजबरोबर ईमेलची सूचनाही चालू करा, आणि मोबाइल नंबर बदलला की बँकेला त्याच आठवड्यात कळवा.

खरेदीच्या वेबसाइटवर कार्ड सेव्ह करायला सांगतात. करू का?

ओळखीच्या मोठ्या वेबसाइटवर चालतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानांना तुमचा खरा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याच्या बदल्यात एक टोकन ठेवतात. वेबसाइट फोडली गेली तरी ते टोकन दुसरीकडे चालत नाही. तुमचं कार्ड कुठे कुठे जोडलंय ते बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर बघता येतं. जुनी काढून टाका.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. तिथे काही वेगळं?

एकच गोष्ट. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. ‘रिफंड पाठवतोय, स्कॅन करून पिन टाका’ म्हणणारा तुमच्याकडून घेतोय.

बिल आलंय आणि त्यात ते चोरीचे पैसेही आहेत. भरू का?

तुमच्या खऱ्या खर्चाचं बिल मुदतीत भरा. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये असं क्रेडिट कार्डांच्या नियमांत आहे, पण बँकेच्या संगणकाला ते आपोआप कळेलच असं धरू नका. ईमेल करा: अमुक तक्रार क्रमांक, अमुक रक्कम वादात, उरलेली इतकी रक्कम भरली. बिल खात्यातून आपोआप पूर्ण कापलं जात असेल तर तारखेच्या आधी ते थांबवायला सांगा. नाहीतर वाद चालू राहतो आणि पैसे मात्र जातात.

मी मागितलंच नाही असं कार्ड माझ्या नावावर निघालं. असं होऊ शकतं?

होतं. भाड्याच्या घरासाठी, सिमसाठी, जिमसाठी आपण आधार आणि पॅनच्या झेरॉक्स वाटत फिरतो. झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख आणि सही. आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेला मास्क्ड आधार द्या. आपल्या नावावरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद क्रेडिट माहिती कंपन्या ठेवतात, आणि वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. दर तीन महिन्यांनी एकीचा काढलात तर वर्षभर लक्ष राहतं. अहवालात अनोळखी कार्ड किंवा कर्ज दिसलं तर बँक आणि ती कंपनी, दोघांनाही लेखी कळवा.

बँकेनेच न विचारता कार्ड पाठवून, तुमच्या संमतीशिवाय ते चालू करून पैसे लावले असतील, तर २०२२ च्या नियमांप्रमाणे ते शुल्क मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते. मॉलमधल्या स्टॉलवर सही घेणाऱ्या मुलाला हे माहीत नसतं, तुम्हाला असू द्या.

आई-बाबांना कसं समजावू? बाबा म्हणतात, मला शिकवू नकोस.

मग शिकवू नका. ‘तुम्ही फसाल’ म्हटलं की बाबा चिडणार, आणि खरंच फसले तर तुम्हालाच सांगणार नाहीत. ती चार तासांची लपवाछपवी चोराच्या पथ्यावर पडते. त्यापेक्षा घरात एकच नियम ठेवा: पैशाचा फोन कुणाचाही आला तरी ‘मुलीला विचारून सांगतो’ म्हणून ठेवायचा. बापाचा मानही राहतो आणि फोनही तुटतो. कुणी घाई करायला लागला तर तो चोर, ही व्याख्या वयस्क माणसांना तांत्रिक माहितीपेक्षा पटकन पटते.

बाकी काम तुमचं. त्यांना तुमच्या कार्डावर वेगळं ॲड-ऑन कार्ड काढून द्या आणि त्याची मर्यादा दहा-पंधरा हजार ठेवा. परदेशी आणि टॅप बंद करा. दुसऱ्याच्या फोनचा ताबा मिळवून देणारी एनीडेस्कसारखी ॲप्स त्यांच्या फोनमध्ये राहू देऊ नका. आणि ते फसलेच तर पहिलं वाक्य ‘किती वेळा सांगितलं होतं’ हे नको, ‘कार्ड लॉक केलं का’ हे हवं.

बँक दादच देत नाही. आता?

आधी बँकेकडे लेखी तक्रार, पोच जपून. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्याच सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते, पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथे राग लिहू नका, तारखा लिहा. मेसेज कधी आला, कळवलं कधी, कामाचे किती दिवस झाले, दहा दिवसांत रक्कम जमा दाखवली की नाही. तिथेही समाधान झालं नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.

तक्रार करून महिना झाला. आता एक जण फोन करून म्हणतोय की सायबर सेलमधून बोलतोय, पाच टक्के फी भरली तर पैसे सोडवून देतो.

तो पहिल्याच टोळीचा नाहीतर तिच्याकडून यादी विकत घेतलेला. फसलेल्या माणसांची नावं, नंबर आणि रकमा पुढे विकल्या जातात, म्हणून त्याला तुमची रक्कम बरोबर माहीत असते. १९३०, पोलीस, लोकपाल यांपैकी कुणीही पैसे सोडवायला फी घेत नाही. गोठवलेली रक्कम परत यायची असेल तर ती अधिकृत मार्गानेच तुमच्या खात्यात किंवा कार्डावर जमा होते, मधल्या कुणाच्या यूपीआयवर नाही. त्याचा नंबर लिहून घ्या आणि तुमच्या जुन्या तक्रारीच्या क्रमांकासह तपास अधिकाऱ्याला द्या.